थंडीतला दुसरा गिअर

४ डिसेंबर, बुधवार

बेअरिंगवाल्याने जानेवारीत भेट दिलेली ही डायरी वर्षभर कोरीच पडली होती. आज उघडली, कारण गाडी त्रास द्यायला लागली आहे आणि बिघाड कधी, कुठे, कसा झाला हे लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही. प्लांटमध्ये सगळ्यांना हेच शिकवत आलो.

तर आजचं. सकाळी आमलीतल्या घरून निघालो तेव्हा चांगलाच गारवा होता, काचेवर दव होतं. पहिला गिअर पडला. दुसरा पडेना. ढकलला की अर्ध्यावर जाऊन अडायचा. चौकापर्यंत पहिल्यावरच गाडी रेटली. मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवून वाजवून कंटाळला. पुढे खानवेलच्या रस्त्याला लागेपर्यंत जरा सैल झाला. बायकोला, म्हणजे अंजलीला, तिथल्या शाळेत शिकवायला सोडून खडोलीला प्लांटवर यायला निघालो तोवर ऊन वर आलं होतं, आणि परतीच्या वाटेवर त्रास जवळजवळ नाहीच.

निदान सरळ आहे. थंडीत गिअरबॉक्समधलं तेल घट्ट होतं, आतले दाते एकमेकांत बसायला वेळ लावतात. तेल जुनं असेल तर जास्तच. गाडी घेतल्यापासून इंजिनचं तेल वेळच्या वेळी बदललं, गिअरच्या तेलाकडे मात्र ढुंकून बघितलं नाही.

अंजली म्हणाली, "मी उद्यापासून बसने जाऊ का? तुम्हाला उगाच ताण."

मी म्हटलं, ताण गाडीला आहे, मला नाही. खरी गोष्ट अशी की हा रस्ता म्हणजे आमचं दिवसभरातलं बोलणं. संध्याकाळी ती वह्या तपासते आणि मी फोनवरून प्लांट चालवतो. सकाळी मात्र सागाचं जंगल लागलं की ती शाळेतल्या पोरांच्या नकला करून दाखवते, आणि मी हसतो. आमची लेक कीर्ती पुण्याला नोकरीला गेल्यापासून घरात एवढंच हसू उरलंय. ते बसला कोण देणार?

९ डिसेंबर, सोमवार

गाडीचं तेच. आज प्लांटमधलं लिहितो.

सात नंबर मशीनवर सुकदेव धागा तुटल्याची तक्रार घेऊन आला. आमच्याकडे पॉलिएस्टरचा धागा गरम करून पीळ देतात. तुटला की ऑपरेटरने तो चालत्या मशीनमध्ये पुन्हा ओवायचा, आणि त्याला हात चपळ लागतो. सुकदेव नंदुरबारकडचा, जुना माणूस. म्हणाला, मशीन बिघडलंय.

माझा नियम ठरलेला आहे. मशीन उघडण्याआधी माणूस बदलायचा. त्याच मशीनवर तासभर दुसरा ऑपरेटर उभा करायचा. त्याच्या हातातही धागा तुटला तर मशीन उघडा. नाही तुटला तर मशीन निर्दोष. याला प्लांटमध्ये 'हात बदल' म्हणतात. हा नियम आला आणि फुकट मशीन उघडणं बंद झालं. ऑपरेटरांना तो आवडत नाही, पण मशीन खोटं बोलत नाही.

संजूला उभं केलं. तासभरात एकदाही धागा तुटला नाही. सुकदेवला पॅकिंगला टाकलं.

जाताना तो म्हणाला, "हात तोच शे साहेब, थंडीमा जरा उशिरा जागा व्हस."

वाईट वाटलं, नाही असं नाही. पण अशा कारणांवर मशीन उघडत बसलो तर प्लांट बंद ठेवावा लागेल.

१३ डिसेंबर, शुक्रवार

दुपारी आमलीतल्या मेकॅनिककडे गाडी नेली. त्याने एक चक्कर मारली आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. "साहेब, कंई नथी. गिअर एकदम मख्खन."

अरे, भर दुपारी कसा अडकेल? मी त्याला म्हटलं, सकाळी ये, दव असताना ये. तो म्हणाला, सकाळी दुकान उघडत नाही. असा माणूस. मी घरीच तेल बदलणार. वीस वर्षं ज्या माणसाने मशीनचे गिअरबॉक्स सांभाळले त्याला गाडीचा एक डबा रिकामा करून भरता येत नाही, असं थोडंच आहे?

डावा खांदा अजून दुखतो. दिवाळीत पंखे पुसले तेव्हापासूनचा आहे. अंजली म्हणते डॉक्टरला दाखवा. पंखे पुसल्याचं औषध डॉक्टरकडे नसतं.

१५ डिसेंबर, रविवार

आज तेल बदललं. सोसायटीचा सेक्रेटरी सकाळी देवळात जातो ती वेळ साधली. पार्किंगच्या फरशीवर थेंब पडला तरी तो सभा बोलावतो.

कसं केलं ते लिहून ठेवतो. आधी गाडी थोडी फिरवून आणली, कारण कोमट तेल पातळ होऊन पूर्ण उतरतं. मग जॅकने उचलून प्लांटमधून आणलेल्या लोखंडी घोड्या चारही बाजूंना लावल्या. गाडी समतल नसेल तर तेलाची पातळी चुकते, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नसतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तेल काढायचं बूच उघडण्याआधी तेल भरायचं बूच सैल करून बघायचं. ते गंजून बसलं असेल आणि तुम्ही जुनं तेल सांडून मोकळे झालात, तर गाडी तिथेच बसली. माझं बूच घट्ट होतं, पण पान्याला पाइप लावून जोर दिला आणि सुटलं. उजव्या हाताने दिला. खांदा.

खालचं बूच काढलं आणि तेल परातीत आलं. मी काळ्याकुट्ट तेलाची वाट बघत होतो. हे मधाच्या रंगाचं. बुचाच्या चुंबकावर लोखंडाची बारीक भुकटी होती, ती एवढ्या वर्षांत कुठल्याही गिअरबॉक्सला येतेच. दात्याचा तुकडा नाही, कपची नाही. खरं सांगायचं तर मी थोडा खट्टूच झालो. दोष सापडायला हवा होता.

नवीन तेल हलकं आणलंय, थंडीत वाहणारं, पुस्तिकेत लिहिलंय त्याच दर्जाचं. तेल भरायचं भोक खालच्या अंगाला, म्हणून वरून बॉनेटमधून नळी सोडली, नळीला नरसाळं, आणि नरसाळं धरायला अंजली. मी खाली आडवा. नवा तांब्याचा वायसर बुचाला बसवताना डाव्या हातातून दोनदा निसटला. हात तेलकट होते. दुसऱ्यांदा तो घरंगळत पार घोडीमागे गेला, तेव्हा अंजली वरून म्हणाली, "राहू द्या, मी येऊ का खाली?"

मी ओरडलो, "नरसाळं सोडू नकोस!"

 तेल भोकातून थेंब थेंब बाहेर यायला लागलं म्हणजे पातळी झाली. बूच लावलं. बाहेर आलो तेव्हा अंजली पदराने नाक धरून उभी होती. "केवढा घाण वास आहे हो या तेलाला! नासक्या अंड्यासारखा. जिन्यात सगळा भरलाय." मला तर काहीच येत नव्हता. नव्या तेलाला बहुतेक वास नसतो, किंवा इतकी वर्षं तेलात काढून माझं नाक मेलं असेल. सेक्रेटरी देवळातून आला आणि जिन्यातच नाक मुरडलं. म्हणजे तिचंच खरं असेल.

हात धुतले, शर्ट बदलला. बटणं अंजलीने लावली. माझी बोटं तेलाने बुळबुळीत होती. उद्या सकाळी कळेल.

१६ डिसेंबर, सोमवार

दुसरा पडला. पहिल्या खेपेला नाही, पण दुसऱ्या खेपेला पडला. अंजलीला म्हटलं, "बघ." ती म्हणाली, "हं." ती रस्त्याकडे बघत नव्हती, माझ्या हाताकडे बघत होती.

२० डिसेंबर, शुक्रवार

पुन्हा अडकतोय. नवं तेल सगळ्या दात्यांवर पसरायला थोडे दिवस लागतात. शिवाय थंडी वाढलीय. खानवेलच्या अलीकडे धुकं होतं आणि सागाची पानं रस्त्यावर ओली पडलेली. अंजलीने पोरांच्या नकला केल्या नाहीत. विचारलं तर म्हणाली, घसा बसलाय.

२५ डिसेंबर, बुधवार

कीर्ती पुण्याहून आली. जिन्यावर मला बघून पहिलं काय म्हणाली, तर "बाबा, तुम्ही मंत्र्यासारखे चालताय. एक हात हलतोय आणि एक खिशात." माझा हात खिशात नव्हता. पोरगी पुण्याला जाऊन भलतंच बोलायला शिकली आहे.

पण घर भरल्यासारखं झालं. तिघं रात्री मटकीची उसळ खात बसलो, तेव्हा अंजली आणि ती एकमेकींकडे बघून काहीतरी ठरवल्यासारख्या गप्प झाल्या. मायलेकींचं काही मला कधी कळलेलं नाही.

२६ डिसेंबर, गुरुवार

आज आनंदाने लिहितोय. तेलाने काम केलं!

सकाळी कीर्ती म्हणाली, आईला सोडायला मीच गाडी नेते, तुम्ही मागे बसा. म्हटलं, दुसरा अडकतो, जपून. हिवाळ्यातली सगळ्यात गार सकाळ असेल ही. तिने क्लच दाबला आणि दुसरा टाकला, आणि तो आत गेला. आवाज नाही, अडणं नाही. तिसरा, चौथा, पुन्हा दुसरा. चढावर, वळणावर. मी मागून टाळ्या वाजवायच्याच बाकी होतो. म्हटलं, "बघितलंस अंजली? मुरायला वेळ लागला, पण मुरलं."

अंजली खिडकीतून बाहेर बघत होती. कीर्तीने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हो बाबा, छान आहे गिअर." तिचे डोळे भरले होते असं मला वाटलं. थंडीने असतील.

२७ डिसेंबर, शुक्रवार

आज मी चालवली.

दुसरा अडकला. तीच गाडी, तेच तेल, तीच गारठ्याची वेळ. पुन्हा दाबला, पुन्हा अडकला. अंजली शेजारी होती.

काल कीर्तीच्या हातात गेला आणि आज माझ्या हातात जात नाही. प्लांटमध्ये मला असं कोणी सांगितलं असतं तर मी कागदावर काय लिहिलं असतं ते मला माहीत आहे.

पुढचं लिहीत नाही.

३१ डिसेंबर, मंगळवार

कीर्ती गेली. जाताना गळ्यात पडली आणि सोडेना. म्हणाली, "बाबा, एकदा डॉक्टरकडे जाल ना? माझ्यासाठी?" मी म्हटलं, खांदा बरा होईल. ती म्हणाली, "खांदा नाही हो बाबा."

विचार केला. तिचे पाय लांब आहेत, क्लच पूर्ण दाबला जातो. तिच्या पायात स्पोर्ट शूज होते, माझ्या पायात चामड्याचे. माझं सीट जरा मागे आहे. उद्या सीट पुढे घेतो.

८ जानेवारी, बुधवार

जुनी डायरी संपली होती, नवी मिळाली. ही निळी आहे.

आज जे झालं ते लिहायला हवं. खानवेलच्या अलीकडे चढ आहे, त्याच्या खालच्या टोकाला बसथांबा. समोरून लाकडाचा ट्रक आला म्हणून चढावर थांबलो. ट्रक गेला. क्लच दाबला, पहिला टाकायला गेलो, आणि डावा पाय दाबावा तेवढा दाबला गेला नाही. मी दाबत होतो. पाय ऐकत नव्हता. गिअर कर्रकन ओरडून बाहेर आला, उजवा पाय ब्रेकवरून ॲक्सिलरेटरकडे गेलेला, आणि गाडी मागे निघाली.

मागे थांब्यावर बायका उभ्या होत्या. आरशात मला त्या दिसत होत्या. ब्रेक कुठे आहे ते मला माहीत होतं. पण डाव्या पायात मन अडकलं होतं, उजव्यापर्यंत ते पोचेचना. अंजलीने दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. गाडी गचकन थांबली. वालपापडीची एक टोपली बंपरखाली गेली आणि तिची मालकीण, चिमाबाई, कडेच्या चरात उडी मारून उभी होती.

मी उतरलो. हातपाय कापत होते, डावा जास्त. चिमाबाईच्या नातवाला अंजलीच शिकवते. ती चरातून वर आली, लुगडं झटकलं आणि मला नाही, अंजलीला म्हणाली, "बाई, तुमचा घोव आजारी हाय काय? त्याला कशाला चालवाया दिला?"

रस्त्यावरच्या बाईला दिसलं.

शेंगा गोळा केल्या. चिरडलेल्यांचे पैसे तिने घेतले नाहीत. अंजली तिला म्हणाली, दुपारी तुमच्या घरी येते. मग गाडी कडेला लावून आम्ही दोघं आत बसलो. अंजली रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

"गाडीला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "गणपतीपासून बघतेय मी. चालताना तुमचा डावा हात हलत नाही. डाव्या पायातली चप्पल जिन्यात मागे राहते आणि तुम्हाला कळत नाही. बटणं मी लावते आणि तुम्ही म्हणता घाई आहे. परवा आमटी करपली, घरभर धूर, आणि तुम्ही शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतात."

मी चिडलो. म्हटलं, एवढं दिसत होतं तर बोलली का नाहीस? गणपतीपासून म्हणजे चार महिने! माझ्या गाडीत बसून चार महिने माझी परीक्षा घेत होतीस?

तिने हँडब्रेकवरचा हात काढला. मग म्हणाली, "बोलले असते तर ही सकाळ गेली असती. मला पण नको होतं ते."

मग तिने मला खाली उतरवलं आणि थांब्यावर उभं केलं. शाळेतल्या शिपायाला फोन केला, तो आला आणि गाडी घरी नेली. त्याच्या हातातही दुसरा गिअर गेला. मी मागच्या सीटवर बसून ऐकत होतो.

१० जानेवारी, शुक्रवार

ती बसने गेली. मी प्लांटच्या गाडीने. घरात आम्ही मीठ वाढण्यापुरतं बोलतो.

प्लांटमध्ये पॅकिंगला गेलो होतो. कशासाठी गेलो ते तिथे पोचल्यावर विसरल्यासारखं केलं. सुकदेव खोकी बांधत होता. एक बॉबिन मी उचलली आणि ती हातातून पडली. त्याने वाकून उचलली आणि माझ्या उजव्या हातात दिली. डाव्या नाही.  मी विचारलं, "बरं आहे का इथे?" तो म्हणाला, "बरं शे साहेब. घाई नई इथं."

दुपारच्या पाळीत त्याला परत सात नंबरवर घ्यावं का, असं सुपरवायझरला विचारलं. तो म्हणाला, साहेब, हात बदल तुम्हीच केला होता. मी म्हटलं, हो, पण सकाळी केला होता. दुपारी करून बघ.

१७ जानेवारी, शुक्रवार

वापीला मेंदूच्या डॉक्टरांकडे. अंजली बरोबर होती. गाडी कोणी चालवली ते लिहीत नाही, भाड्याची होती.

डॉक्टर तरुण. मी त्यांना खांद्याचं आणि पंख्याचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर आपटा, भरभर. उजव्याने केलं. डाव्याने सुरुवात बरी झाली, मग बोटं लहान लहान उघडायला लागली, मग थांबली. मी त्यांच्याकडे बघत होतो, आणि ती दुसऱ्या कुणाची बोटं आहेत असं वाटत होतं. बाहेरच्या बोळात चालायला लावलं. परत आलो तर त्यांनी डोळे मिटायला सांगून नाकाखाली काहीतरी धरलं.

"कशाचा वास येतोय?"

मी म्हटलं, कशाचाच नाही. डोळे उघडले तर कॉफीची पूड होती. अंजलीने तोंडावर हात घेतला.

पार्किन्सन. डाव्या बाजूने सुरू झालंय. डॉक्टर म्हणाले, हळूहळू वाढणारं आहे, गोळ्यांनी बरीच वर्षं चांगली जातील, हातपाय पुष्कळ मोकळे होतील, व्यायाम सोडू नका. सध्या मात्र गाडी नाही. मी विचारलं, आणि गोळ्या लागू पडल्यावर? ते म्हणाले, तेव्हा बघू. मला 'तेव्हा बघू'चा अर्थ कळतो. प्लांटमध्ये मी तो पुष्कळ वेळा वापरलाय.

येताना अंजलीने माझा डावा हात धरून ठेवला होता. मला रडू आलं. ड्रायव्हर समोर होता, तरी आलं.

२१ जानेवारी, मंगळवार

गोळ्यांनी मळमळतं. सकाळी खिडकीतून बघतो. अंजली बसथांब्याकडे जाते, शाल गुंडाळून, डब्याची पिशवी घेऊन. खाली गाडी झाकून ठेवलेली. ताज्या तेलाने भरलेला, काहीही न बिघडलेला गिअरबॉक्स. मला तिचा राग येतो. गाडीचा. आणि अंजली कोपऱ्यावर वळली की घर इतकं मोठं वाटतं की मी रेडिओ लावतो.

आज रात्री जेवताना ती म्हणाली, "मला शिकवाल का?"

मी म्हटलं, "काय?"

"गाडी."

मला हसू आलं. या वयात? ती म्हणाली, "शिकाऊ लायसन्सचा अर्ज कीर्तीने तिकडून भरलाय. परीक्षा कॉम्प्युटरवर असते. खुणा पाठ करतेय मी." मायलेकी बघा.

२ फेब्रुवारी, रविवार

पहिला धडा. खडोलीच्या औद्योगिक वसाहतीतला मागचा रस्ता रविवारी मोकळा असतो. गाडी तिथपर्यंत वरच्या मजल्यावरच्या मयूरने आणून दिली आणि मोटारसायकलवर निघून गेला. अंजलीने गाडीला पुढे मागे शिकाऊचं लाल 'एल' चिकटवलं. क्लच सोडला की गाडी उडी मारून बंद पडायची. मी ओरडलो नाही, असं मला वाटतं. तिचं म्हणणं वेगळं आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

गोळ्यांचा गुण येतोय. आज सकाळी शर्टाची तीन बटणं मीच लावली.

पुन्हा तोच रस्ता. थंडी होती, कारखान्यांच्या भिंतीवर धुकं टेकलेलं. अंजली चालवणार, मी तिच्या डाव्या हाताला. तिला एक अडचण येते. क्लच दाबून गिअर शोधायला ती खाली बघते, आणि गाडी कडेला जाते. मी म्हटलं, तू रस्त्याकडे बघ, फक्त क्लच दाब, गिअर मी टाकतो.

शेजारच्या सीटवरून गिअर माझ्या उजव्या हाताला येतो, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. ती म्हणाली, "दाबला." मी दुसरा टाकला. काय सांगू? गेला! इतक्या महिन्यांनी माझ्या हाताने दुसरा गेला, आत, पूर्ण. तिसरा गेला. वळणावर पुन्हा दुसरा. रस्त्याच्या टोकापर्यंत आम्ही असे गेलो, तिचे पाय, माझा हात. ती हसत होती. बऱ्याच दिवसांनी तिने दुसरीतल्या एका पोराची नक्कल केली, जो पाढे म्हणताना सातावर अडून आठावर उडी मारतो. मला इतकं बरं वाटलं की मी बोलून गेलो, "अंजली, आपण असंच खानवेलला जाऊ. उद्यापासून. तू क्लच, मी गिअर. कोणाला कळणारपण नाही."

तिचं हसू थांबलं. थोडं पुढे जाऊन तिने गाडी कडेला घेतली, नीट घेतली, आणि इंजिन चालू ठेवून समोर बघत राहिली.

"आणि एखाद्या दिवशी तुम्ही शेजारी नसलात तर?" ती म्हणाली.

मी म्हटलं, मी कुठे जाणार आहे? शेजारीच असणार.

ती म्हणाली, "मला तुम्हाला दवाखान्यात न्यायचं असेल, आणि तुम्ही मागे आडवे असाल. तेव्हा कोण टाकेल गिअर?"

 बाहेर एक कुत्रं उन्हाचा तुकडा शोधत भिंतीकडे गेलं. मला तिचा राग यायला हवा होता, आणि आला नाही. मला भीती वाटली. पहिल्यांदाच वाटली, अगदी डॉक्टरांच्या खोलीतसुद्धा वाटली नव्हती तशी. तिने हे सगळं आधीच बघून ठेवलंय, मी आडवा असलेला रस्तासुद्धा, आणि तरी ती माझ्यासाठी शाल गुंडाळून रोज बसथांब्यावर जाते आणि रात्री वाहतुकीच्या खुणा पाठ करते.

"हात काढा," ती म्हणाली.

माझा हात अजून गिअरवर होता. काढायला वेळ लागला. तो उजवा होता, चांगला होता, त्याला काहीही झालेलं नव्हतं, तरी वेळ लागला. काढून मांडीवर ठेवला.

तिने पहिला टाकला. गाडी एक गचका खाऊन निघाली. दुसऱ्याला कर्र आवाज झाला, माझी बोटं मांडीवर वळली, पण तिथेच राहिली, आणि तिने पुन्हा क्लच दाबून तो आत ढकलला. रस्ता समोर मोकळा होता. तिसरा टाकताना तिने मला विचारलं नाही.